खोक्यावरचे वॉट आणि मालकाचे कान

होम थिएटरच्या मधोमध जो काळा डबा असतो त्याला 'रिसीव्हर' का म्हणतात, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. स्पीकर आवाज काढतो, टीव्ही चित्र दाखवतो, मग हा डबा नेमके घेतो तरी काय? उत्तर अगदी साधे आहे. तो रेडिओ घेतो. आज सिनेमासाठी विकत घेतला जाणारा हा डबा मुळात रेडिओच्या घराण्यातला. ट्यूनर, आवाज कमी-जास्त करणारा भाग आणि स्पीकर चालवणारा अँप्लिफायर या तिघांना एका छपराखाली आणले की झाला रिसीव्हर. पुढे कामे वाढत गेली, नाव तेच राहिले.

या डब्याविषयी, त्यातही स्वस्तातल्या डब्याविषयी, मालकमंडळींची मते ऐकण्याचा मला नाद आहे. एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो "पैसा वसूल", दुसरा म्हणतो "नुसता डबा आहे हो". गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत असतात. एका वस्तूबद्दल दोन खरी मते कशी असू शकतात, हे समजून घ्यायचे तर या वस्तूचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. त्या इतिहासात एक भांडण सुरुवातीपासून चालत आले आहे. खोक्यावर छापलेला आकडा एका बाजूला आणि घरात बसून ऐकणाऱ्याचे कान दुसऱ्या बाजूला.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत 'हाय-फाय' हा हौशी लोकांचा खेळ होता. ट्यूनर वेगळा, प्री-अँप्लिफायर वेगळा, पॉवर अँप्लिफायर वेगळा. कित्येक जण सुटे भाग आणून स्वतःच डाग देऊन यंत्र जोडत. ज्याला हातात कावीया धरता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये अशीच परिस्थिती. १९५३ मध्ये सिडनी हार्मन आणि बर्नार्ड कार्डन या दोघांनी न्यू यॉर्कमध्ये कंपनी काढली आणि १९५४ मध्ये 'फेस्टिव्हल डी-१०००' नावाचा एकत्र डबा बाजारात आणला. स्पीकर जोडा आणि ऐका! १९५८ मध्ये त्यांचाच स्टिरिओ रिसीव्हर आला. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आणि रिसीव्हर घरोघर शिरला.

म्हणजे रिसीव्हर ही वस्तू जन्मतःच 'बजेट' आहे. सगळे एकत्र, जागा कमी, पैसे कमी, डोकेदुखी कमी. आणि जन्मापासूनच तिच्याकडे जाणकार जरा नाक मुरडून पाहत आले. एका डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि नाजूक सर्किट शेजारी ठेवले की घुंऽऽ आवाज येणार, उष्णता कोंडणार, हा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हता. पण ज्याच्या घरी आधी काहीच नव्हते त्याला त्या डब्यातून पहिल्यांदा व्हायोलिन व्हायोलिनसारखे ऐकू आले, तेही खोटे नव्हते. मालकांची पहिली दोन मते इथेच तयार झाली.

साठच्या दशकात जपानी कंपन्या या धंद्यात उतरल्या. पायोनियर, सान्सुई, केनवुड ही नावे अमेरिकेत पोचवण्यात व्हिएतनाम युद्धाचा मोठा वाटा आहे. पूर्वेकडे तैनात असलेले अमेरिकन सैनिक लष्करी दुकानांतून ही यंत्रे स्वस्तात घेत आणि घरी धाडत. आम्हा गोंयकारांना ही तऱ्हा चांगली ओळखीची वाटेल. बोटीवरचे तारवटी आणि पुढे आखातात गेलेले लोक यांनीच आमच्या वाड्यावाड्यांत रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि नंतर डेकसेट आणले. देशात आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात बाहेरून आलेल्या माणसाच्या सामानातला खोका हीच आमची बाजारपेठ. आणि त्या खोक्यावरचा आकडा हीच आमची माहिती. कुवेतहून आलेल्या माणसाला "कसा आहे हो सेट?" विचारले की तो आवाजाबद्दल बोलत नसे. तो वॉट सांगे.

हा वॉटचा आकडा म्हणजे काय भानगड आहे ते आता पाहू. अँप्लिफायर स्पीकरला जी विद्युतशक्ती पुरवतो ती वॉटमध्ये मोजतात. समजा एक प्रामाणिक यंत्र आहे, डाव्या बाजूला १० वॉट आणि उजव्या बाजूला १० वॉट सतत देणारे. विक्रेत्याने दोन्हींची बेरीज केली, झाले २० वॉट. सतत मिळणाऱ्या शक्तीऐवजी लाटेच्या शिखरावरची क्षणिक शक्ती धरली की आकडा दुप्पट होतो, झाले ४०. वर बारीक अक्षरात 'अधिक-उणे १ डेसिबल' असे लिहिले की आणखी पंचवीस टक्के वाढवता येतात, झाले ५०. आवाज कितीही फाटला तरी चालेल असे ठरवले तर आणखी पुढे जाता येते. यंत्राला हात न लावता १० आणि १० चे ५० झाले! साठच्या दशकातल्या अमेरिकन जाहिरातींत हे सर्रास चाले. एकाचे ५० आणि दुसऱ्याचे ५० यांची तुलनाच करता येत नसे, कारण प्रत्येकाची फूटपट्टी निराळी.

शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला. जाहिरातीत वॉट सांगायचे असतील तर सतत मिळणारे सांगा, किती ओहमच्या स्पीकरवर, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत आणि किती टक्के विकृतीसह, तेही सांगा. संबंधित सर्व चॅनेल एकाच वेळी चालवून मोजा. आणि मोजण्याआधी यंत्र एक तास आपल्या एक-तृतीयांश शक्तीवर चालवून तापवा. ही शेवटची अट मोठी खट होती. त्या जातीच्या अँप्लिफायरमध्ये उष्णता सर्वांत जास्त होते ती पूर्ण शक्तीवर नव्हे, तर साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्याच्या आत कुठेतरी. त्यामुळे लहानसे हीट सिंक बसवून मोठा आकडा छापणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढे २००० मध्ये ही अट एक-अष्टमांशावर आणून सौम्य करण्यात आली.

या नियमाचा परिणाम यंत्रांच्या वजनात दिसला. आकडा खरा असायलाच हवा म्हटल्यावर मोठे ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर आले. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० चे वॉट होते प्रत्येक बाजूला २७०, आणि वजन ३५ किलोच्या आसपास. आजही जुन्या यंत्रांचे दर्दी लोक त्या काळच्या रिसीव्हरांवर जीव टाकतात, त्यात नुसती आठवणींची ओढ नाही. आकड्याच्या मागे खरोखरच लोखंड-तांबे होते.

याच दशकात कंपन्यांनी दोनाचे चार स्पीकर करायचा घाट घातला. क्वाड्राफोनिक! पण सीबीएसची पद्धत एक, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर नीट चालेना. मालकांनी या भांडणात पडायचेच नाही असे ठरवले आणि सत्तरचे दशक संपता संपता तो प्रकार बाजारातून गेला. मालकांनी दिलेले हे बहुधा सर्वांत स्पष्ट मत. एका अक्षरानेही तक्रार न करता त्यांनी फक्त पैसे खिशातच ठेवले.

क्वाड्राफोनिक मेले, पण दोन चॅनेलांत चार कोंबायची युक्ती वाया गेली नाही. ती सिनेमाने उचलली. इथे रे डॉल्बी यांचे नाव येते. या गृहस्थांचा भारताशी जवळचा संबंध आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोतर्फे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. इथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओ थिएटरांत रुजवले. व्हिडिओ कॅसेटवरच्या स्टिरिओ पट्ट्यांत तो मागचा आवाज दडलेलाच असे. तो घरी बाहेर काढणारा 'डॉल्बी सराउंड' १९८२ मध्ये आला आणि मधला स्पीकर स्वतंत्र चालवणारा 'प्रो लॉजिक' १९८७ मध्ये. याच सुमारास टॉमलिन्सन होल्मन यांनी '५.१' हा शब्द रूढ केला. पाच पूर्ण चॅनेल आणि फक्त खालच्या सुरांपुरते एक, म्हणून पॉइंट वन. १९९२ मध्ये डिजिटल डॉल्बी चित्रपटगृहात, १९९५ मध्ये लेझर डिस्कवर, आणि १९९६-९७ मध्ये डीव्हीडी. इथून पुढे होम थिएटर रिसीव्हर हा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

आणि इथेच जुने भांडण नव्याने सुरू झाले.

विचार करा. दोन अँप्लिफायरच्या जागी आता पाच, पुढे सात. शिवाय डिजिटल प्रोसेसर, रिमोट, व्हिडिओच्या खाचा. ग्राहकाला किंमत मात्र वाढून नको. मग काटकसर कुठे होणार? जिथे ती खोक्यावर दिसत नाही तिथे. म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये. स्वस्त रिसीव्हरवर '१०० वॉट गुणिले ७' छापलेले असते, पण बहुधा तो आकडा एक किंवा दोनच चॅनेल चालवून मोजलेला असतो. डबा उलटा करून मागची पट्टी वाचली तर वीज वापराचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतो. (तो आकडा कमाल वापराचा नसतो, ठरावीक चाचणीचा असतो. त्यामुळे त्यावरून यंत्राला खोटारडे ठरवू नये. पण अंदाज येतो.) ७०० वॉट द्यायचे तर भिंतीतून त्याहून बरेच जास्त घ्यावे लागतात. वीज काही रिसीव्हरच्या पोटात तयार होत नाही.

आपल्याकडे तर नव्वदच्या दशकात 'पीएमपीओ' नावाचा अवतार आला. हातात मावणाऱ्या टू-इन-वनवर हजारो वॉट! या पीएमपीओला कुठलेही प्रमाण नव्हते, ज्याला जे वाटेल ते त्याने छापावे. चवथीच्या दिवसांत आरतीला लावायला आणलेला 'तीन हजार वॉट'चा सेट गल्लीतल्या घुमट-शामेळापुढे केविलवाणा वाटायचा, तेव्हा कोणी आकड्याला दोष देत नसे. "स्पीकर नवीन आहेत, सुटायला वेळ लागेल" असे म्हणत.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. घरात ऐकताना वॉट लागतात तरी किती? साधारण चांगला स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ ते ९० डेसिबल आवाज देतो. हा आवाज संभाषणापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे बहुतेक वेळ आपण एक-दोन वॉटांतच असतो. ५० चे १०० वॉट केले की फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, तो जेमतेम जाणवतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. पाचही चॅनेल एकाच क्षणी पूर्ण ताकद मागतील असा प्रसंग सिनेमात क्वचित. म्हणून "पैसा वसूल" म्हणणारा मालक फसलेला नसतो. त्याची खोली लहान आहे, स्पीकर बरे आहेत, यंत्र आपल्या मर्यादेत आहे. "नुसता डबा" म्हणणाऱ्याची खोली मोठी आहे, स्पीकर चार ओहमचे आहेत आणि त्याला लग्नाच्या वरातीइतका आवाज हवा आहे. यंत्र तेच, मागणी वेगळी.

मालकांच्या मतात काळाचाही भाग असतो. पहिल्या आठवड्यातले मत म्हणजे नव्या नवरीचे कौतुक. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला समुद्रकिनारा किंवा 'मॅट्रिक्स'मधला गोळीबार लावून पाहुण्यांना दचकवायचे, हे २००० च्या सुमारास प्रत्येक मालकाने केले. सहा महिन्यांनी तोच मालक म्हणतो, "स्फोट छान ऐकू येतात, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही." ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की तिचे कारण सांगणे भाग आहे. ५.१ मध्ये संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरमधून येतात, आणि स्वस्त संचात सर्वांत किडमिडा स्पीकर तोच असतो. टीव्हीखाली आडवा पडलेला, कधीकधी पडद्याआड. रिसीव्हरच्या मेनूत मधल्या चॅनेलची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवली तर निम्मी तक्रार जाते. पण मेनू इंग्रजीत, पुस्तिका हरवलेली. दोष रिसीव्हरच्या नावावर जमा होतो.

आमच्या गोव्यात याचे आणखी एक रूप पाहायला मिळते. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणारी घरे इथे अजून आहेत. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ही मुद्रणे मोनो, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत एकच आवाज. प्रो लॉजिक चालू असेल तर त्याचा हिशोब असा की दोन्हीकडे जे समान आहे ते मधल्या स्पीकरचे. झाले! केसरबाईंचा तो घनगंभीर आवाज त्या किडमिड्या मधल्या स्पीकरमधून डब्यात बसल्यासारखा येतो, आणि दोन्ही बाजूंचे चांगले स्पीकर गप्प. मालक म्हणतो, "सिनेमाला ठीक आहे, पण गाण्याला हे यंत्र उपयोगाचे नाही." रिमोटवर 'स्टिरिओ' नावाचे एक बटण असते. ते दाबले की बाई पुन्हा नीट गाऊ लागतात.

तिसरी गोष्ट खोलीची. परदेशी मालकांची मते वाचून यंत्र घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. तिकडे गालिचा असतो, जाड पडदे, खिडक्या बंद. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती, गुळगुळीत लादी आणि वर मंगळुरी कौले. कौलारू घरात खिडक्या उघड्या असल्या की खालचे सूर बाहेर निघून जातात आणि सब-वूफर दुबळा वाटतो. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये तोच सब-वूफर कोपऱ्यात ठेवला की भांडी वाजतात आणि शेजारी बेल मारतात. २००० नंतर कंपन्यांनी सोबत मायक्रोफोन देऊन यंत्राकडूनच खोली मोजून घ्यायची सोय केली. ती चांगली आहे, पण पंखा बंद करून आणि पाऊस थांबल्यावर वापरावी. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना मोजमाप केले तर यंत्र काय ऐकणार?

आणि मग आमचा पावसाळा. दमट, खारट हवेत रिलेचे तोंड काळे पडते, स्पीकर खरखरतो किंवा मध्येच मुका होतो. पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात. वीज जाते आणि येते ती झटका देत. जुनी इमारत, धड अर्थिंग नाही, त्यात केबलची तार जोडली की ५० हर्ट्झची घुंघुं सुरू. यातले काहीही अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही. हे फक्त मालकच सांगू शकतो, तेही दोन पावसाळे काढलेला मालक.

अशी मते गोळा करण्याला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियनने प्रयोगशाळेतल्या चाचणीबरोबरच वस्तू घरी किती टिकली हे सभासदांना विचारून छापायची प्रथा पाडली. आपल्याकडे मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली, नंतर ग्राहक पंचायतीचे काम झाले, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: विकणाऱ्याच्या शब्दाइतकेच वापरणाऱ्याच्या शब्दाला वजन मिळावे.

रिसीव्हरच्या बाबतीत हे वजन आता जास्त महत्त्वाचे झाले आहे. सत्तरच्या दशकातला डबा बिघडला तर गावातला मेकॅनिक ट्रान्झिस्टर बदलून देई. २००२ मध्ये एचडीएमआय आले, आणि तेव्हापासून रिसीव्हर म्हातारा होतो तो अँप्लिफायरमुळे नाही, खाचांमुळे. आत बसलेला अँप्लिफायर वीस वर्षे चालेल, पण नवा टीव्ही त्याच्याशी बोलत नाही. शिवाय टीव्हीखालच्या साउंडबारने स्वस्त रिसीव्हरची जागा बरीचशी खाल्ली. १९४६ पासूनची परंपरा असलेल्या जपानच्या ओंक्यो कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ब्रँड दुसऱ्यांच्या हातून चालू राहिला खरा, पण एक काळ संपला. वॉटचे भांडण मात्र संपलेले नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तोच जुना नियम पुन्हा दुरुस्त करून मोजणीच्या अटी सर्वांना एकसारख्या केल्या. पन्नास वर्षांनी!

तेव्हा कोणी मला "अमुक रिसीव्हर घेऊ का?" विचारले तर मी त्याला वॉट विचारू नकोस म्हणून सांगतो. ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याला विचार: तुझी खोली केवढी, स्पीकर कोणते, किती पावसाळे झाले, बिघडले तेव्हा दुरुस्त कोणी केले, आणि घरातल्या वयस्कर माणसांना संवाद कळतात का. पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की "पैसा वसूल" आणि "नुसता डबा" या दोन्ही मतांचा अर्थ लागतो. आणि दुकानात गेल्यावर डबा एकदा दोन्ही हातांनी उचलून पाहावा. तेवढ्याच वॉटांच्या दोन डब्यांत जो जड लागेल त्याच्या आत बहुधा तांबे जास्त आहे. हा काही पक्का नियम नव्हे, पण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवतो.